उरलेल्या पाच पाट्या

३ जुलै, सोमवार

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. ठकीला एक पापा, आणि तिनं गाल पुसला तर दुसरा.

तुझं पत्र शनिवारी आलं. उत्तराला दोन दिवस लागले त्याचं कारण आळस, दुसरं काही नाही. इकडे सगळं ठीक. गुडघा आपल्या मर्जीनं दुखतो, आपल्या मर्जीनं थांबतो, मला विचारत नाही. तू ठेवून गेलेली कोरफड मात्र मी मारली. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होतो. घरमालकीणबाई म्हणाल्या, "अहो, तिला पाणी सोसत नाही." हे मला कुणी आधी का सांगत नाही? जिन्याची तिसरी पायरी हलते म्हणून मी तिला लाल चिंधी बांधली, त्यावरूनही बाई रागावल्या. म्हणतात, तुमच्याकडे पाहुणा यायचा तर त्याला आधी लेखी सूचना द्यावी लागेल.

धुलाई कारखान्यात नवं यंत्र आलं. चादरी पिळायच्या जुन्या पिळणीच्या जागी. ड्रम पुरता थांबल्याशिवाय त्याचं झाकण उघडतच नाही, कितीही जोर लावा. घडीवाल्या मावशी चादरींच्या घड्या घालता घालता तुझी आठवण काढतात. पोरगी कितवीत गेली, विचारत होत्या. मी चौथीत म्हणालो. बरोबर ना?

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. यायलाच हवं, तू पत्रात दोनदा विचारलंयस. शाळेत कुणा पोरीनं ठकीला म्हटलं की तुझे बाबा स्वतःच्या चुकीनं गेले. ठकीनं घरी येऊन तुला विचारलं, आणि तू मला विचारतेस, "दादा, तू तिथं होतास. फिरत्या यंत्रात तो हात घालेलच कसा? घरातल्या मिक्सरचासुद्धा प्लग काढून मग झाकण उघडणारा माणूस तो."

मी काय सांगू? चौकशी झाली, अहवाल आला. पिळणीवर 'धोकादायक' अशी पाटी होती, तरी त्यानं झाकण उघडून हात घातला, असं त्यात लिहिलंय. रोज तेच काम करणाऱ्या माणसाचं एखाद्या क्षणी लक्ष नसतं. तुला त्याची सवय ठाऊक आहे, शिट्टीच्या नादात राहिला असेल. नऊ महिने होत आले, आता हे उगाळून हाती काय लागणार? तू स्वतःला सांभाळ, पोरीला अभ्यासात गुंतव. ती पोहायला जायचं म्हणते असं लिहिलंयस. एवढ्यात नको. धोकादायक असतं.

जपून राहा.

तुझा दादा


१९ जुलै, बुधवार

प्रिय धाकटे,

आशीर्वाद लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. आज तेवढं राहू दे.

तुझं चार ओळींचं पत्र काल आलं. मी ते दारातच, चपला न काढता वाचलं. "ठकीला तुझं पत्र सापडलं. तिनं वाचलं. तेव्हापासून ती शिट्टी वाजवत नाही. म्हणते, बाबा शिट्टी वाजवत होते म्हणून मेले."

एवढंच. खाली तुझी सहीसुद्धा नाही.

ते शिट्टीचं मी का लिहिलं सांगू? ओळ पुरी करायची होती. तुला काहीतरी उत्तर द्यायचं होतं आणि खरं उत्तर द्यायचं नव्हतं. हाताशी शिट्टी सापडली, ती टाकली. बापानं पोरीला दोन बोटं तोंडात घालून शिकवलेली ती एकच विद्या, आणि ती मी एका ओळीत बंद पाडली. आज मी कामावर गेलो नाही. सकाळपासून टेबलाशी बसलोय. घरमालकीणबाई दोनदा डोकावून गेल्या. मी आजारी आहे असं त्यांना वाटतंय.

मी सगळं क्रमानं लिहिणार आहे. तुला माहीत असलेलंही लिहीन, कारण हेच मला उद्या चौकशी कार्यालयात कागदावर लिहून द्यायचंय. तिथं जाण्याआधी ते तुझ्याकडे निघालेलं असावं.

आई-बाबा गेल्यावर तुला मी वाढवली, हे काही मी ऐकवत नाहीये. वाढवली म्हणजे काय, घाबरवली. गच्चीचा कठडा धोकादायक. सायकल धोकादायक. उकळतं दूध, मांजर, कोपऱ्यावरचा वाणी उघड्यावर ठेवायचा ती बिस्किटं. तू आठवीत असताना मला म्हणाली होतीस, "दादा, तुझ्या लेखी उशी सोडून सगळं धोकादायक आहे." मी त्यावर उशीनं गुदमरून मेलेल्या कुणाची तरी गोष्ट सांगितली. तू हसून हसून खाली बसलीस. मी हसलो नाही.

अशा माणसालाच कारखान्यात पाट्या लावायचं काम मिळालं. कुणीतरी ओल्या फरशीवर घसरून पडलं, आणि वरून हुकूम आला की जे जे धोकादायक वाटेल तिथं पाटी लावा. लाल पत्रा, पांढरी अक्षरं, वर तारेचा आकडा. नियम एकच होता. ज्यानं पाटी लावली त्यानंच काढायची, आणि दुरुस्ती झाल्यावरच काढायची. मी दुरुस्तीचे अर्ज वर पाठवायचो. वर गेलेला अर्ज खाली आल्याचं मी कधी पाहिलं नाही. मग मी पाट्या लावत राहिलो. चहाच्या किटलीला लावली, कारण तिचा कान तापायचा. डगमगत्या स्टुलाला लावली. कोठीच्या खिडकीला लावली, तिची काच तडकली होती. तेवीस झाल्या. लोक पाट्यांवर टोप्या अडकवायला लागले, ओली फडकी वाळत घालायला लागले. एकदा मी जेवायला गेलो होतो तर कुणीतरी माझ्याच खुर्चीला पाटी लावून ठेवली. सगळा कारखाना हसत होता. मी पाटी काढली आणि नोंदवहीत नोंद केली.

त्या तेवीसमधली एक पिळणीवर होती. धुतलेल्या चादरी पिळून काढणारा तो मोठा ड्रम तू पाहिलायस. ड्रम थांबेपर्यंत झाकण उघडू नये म्हणून त्याला एक कडी असते. ती कडी झिजली होती. ड्रम फिरत असतानाही झाकण उघडायचं. आत सगळ्या पांढऱ्याशुभ्र चादरी, त्यामुळे ड्रम हळू झाला की फिरतोय की थांबलाय ते डोळ्यांना कळत नाही. आणि आजूबाजूच्या आवाजात कानालाही कळत नाही. हे मला माहीत होतं. तेवीस पाट्यांमधली खरी पाटी ती एकच होती. पण ती दिसायला किटलीच्या पाटीसारखीच होती.

पाटी वाचणारा माणूस अख्ख्या कारखान्यात एकच होता, तुझा नवरा. सगळे त्याला शिट्टीमास्तर म्हणायचे आणि आज इथं मीही तेच म्हणतो. किटलीसुद्धा तो फडक्यानं धरायचा. घडीवाल्या मावशी त्याला चिडवायच्या, "मास्तर, तुमच्या मेहुण्याची पाटी आहे म्हणून का एवढा मान?" तो म्हणायचा, "मावशी, दादांनी लावलीय म्हणजे काहीतरी पाहूनच लावली असेल." पिळणी बंद केली की तो आपली टोपी झाकणावर ठेवायचा आणि एक अख्खं गाणं शिट्टीवर वाजवायचा. टोपीची थरथर थांबली की मगच झाकण उघडायचा. रोज, न चुकता. त्याची शिट्टी म्हणजे दुर्लक्ष नव्हतं, धाकटे. तो थांबायचा वेळ मोजत होता.

आणि या माणसाला मी धोकादायक म्हटलं होतं.

तुला आठवतंच. मी विसरलेला चष्मा द्यायला तो पहिल्यांदा घरी आला आणि नंतर मी चष्मा न विसरताही यायला लागला. तू म्हणालीस, दादा, मला याच्याशी लग्न करायचंय. मी म्हणालो, "तो माणूस धोकादायक आहे." तू विचारलंस, "म्हणजे काय करतो?"  मी म्हणालो, "कामावर शिट्टी वाजवतो." तू परत हसून हसून खाली बसलीस. या खेपेला मला तुझा राग आला.

आज सांगतो मला काय म्हणायचं होतं. तो तुला घेऊन जाईल आणि या दोन खोल्यांत मी एकटा उरेन, एवढंच. त्याच्यात खोट काही नव्हती. आयुष्यभर मी हा शब्द वापरला आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ तोच होता. सायकल शिकलीस तर लांब जाशील. पोहायला शिकलीस तर माझ्याशिवाय जाशील. मॅनेजरसाहेब तो शब्द वापरतात तेव्हा त्यांना म्हणायचं असतं, माझ्यावर येऊ देऊ नका. घरमालकीणबाईंना भाडेकरूचा कुत्रा धोकादायक वाटतो, कारण तो त्यांना आवडत नाही. यानं माणूस मरेल, एवढ्या साध्या अर्थानं तो शब्द मी सबंध नोकरीत एकदाच लिहिला. आणि तोच मी पुसला.

ते आता लिहितो.

ऑक्टोबरात बाहेरून तपासणीस येणार होता. सकाळी आठला मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. "तेवीस पाट्या बघून तो काय म्हणेल? कारखाना आहे की स्मशान? पाच ठेवा. सगळ्या काढू नका, त्यानंही संशय येतो." मी म्हणालो, साहेब, नियम आहे, दुरुस्तीशिवाय काढता येत नाही. ते म्हणाले, "म्हणून तर तुम्हाला सांगतोय. तुम्हीच लावल्यात, तुम्हीच काढा." यात त्यांचं जे असेल ते त्यांचं. कुठल्या पाच ठेवायच्या हे त्यांनी सांगितलं नव्हतं. ते मी ठरवलं.

मी किटलीची ठेवली. स्टुलाची ठेवली. कोठीची खिडकी, मागच्या दाराची पायरी आणि न्हाणीतली फरशी. पिळणीची काढली. कारण पाटीसकट पिळणी तपासणिसाला दिसली असती तर त्यानं ती तिथल्या तिथं बंद केली असती, काम अडलं असतं, साहेब माझ्यावर चढले असते. किटलीवरून कुणी कुणावर चढत नाही. अठरा पाट्या मी माझ्या कपाटाच्या खणात घातल्या. तपासणीस गेला की परत लावू, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, असं स्वतःला सांगितलं. मास्तरला बाजूला घेऊन दोन शब्द सांगावेत हेही मनात आलं होतं. खरंच आलं होतं. मग चादरींची गाडी आली आणि राहून गेलं, असं मी नऊ महिने स्वतःला सांगत आलोय.

पण राहून गेलं नव्हतं, धाकटे. त्यानं विचारलं होतं.

दहा वाजले असतील. तपासणीस आणि साहेब दारात उभे होते, मी त्यांच्यापासून चार पावलांवर हातात नोंदवही घेऊन. मास्तरनं पिळणी बंद केली. टोपी काढायला हात डोक्याकडे नेला आणि त्याला पाटीची जागा रिकामी दिसली. तो माझ्याकडे वळला. यंत्रांच्या आवाजात ऐकू यावं म्हणून मोठ्यानं ओरडून विचारलं त्यानं, चेहरा हसरा होता.

"दादा, झाली का दुरुस्ती?"

तपासणिसानं माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी पाहिलं. मला त्या क्षणी मास्तरचा राग आला. सगळ्या कारखान्यात यालाच बरी पाटी दिसते, असं वाटलं. आणि मी म्हणालो, "हो, झाली."

त्यानं टोपीवरचा हात खाली घेतला. टोपी डोक्यावरच राहिली. कडी दुरुस्त झाली म्हणजे झाकण उघडलं की ड्रम थांबलेला असणार, हे कुणालाही कळतं. झाकण उघडलं. त्यानं हात घातला. चादर त्याच्या हाताभोवती गुंडाळली.

पुढचं तुला माहीत आहे. माहीत नाही ते एवढंच, की लोक त्याला उचलून बाहेर नेत होते, मावशी गाडीसाठी रस्त्याकडे धावल्या होत्या, आणि मी माझ्या कपाटाशी गेलो. खणातून पाटी काढली, परत आलो आणि पिळणीवर लावली. आकडा बसेना. तरी मी तो बसवला. मग दवाखान्यात आलो. तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीस. दुपारी तो गेला. तेव्हाही तू माझाच हात धरला होतास.

चौकशीत चौदा जणांना विचारलं, त्या सकाळी पिळणीवर पाटी होती का? एकानंही नाही म्हटलं नाही. खोटं कुणी बोललं नाही. "असेल की, असतेच ना," असं म्हणाले सगळे. पाट्या बघायचं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं, आणि ते सोडायला मीच लावलं होतं. तपासणिसानं मान खाली घालून लिहून घेतलं. "झाली का दुरुस्ती" कशाबद्दल होतं, ते त्यानं विचारलंच नाही. साहेबांनीही विचारलं नाही. मी वाट पाहत होतो कुणीतरी विचारेल म्हणून. विचारलं असतं तर सांगितलं असतं का, ते मला माहीत नाही.

मला एकच विचारलं, माणूस कसा होता? मी म्हणालो, "जरा बेफिकीर होता. शिट्टी वाजवायचा." अहवालात तू वाचलंस ना, 'कामगाराची काम करण्याची पद्धत धोकादायक होती'? ते त्यांचं वाक्य नाही. माझं आहे. लग्नाआधी तुझ्यासमोर बोललो होतो, तेच नीट भाषेत लिहून आलं.

गप्प का राहिलो? नोकरी जाईल म्हणून, असं लिहिलं तर बरं दिसेल. पण तेही खरं नाही. तू मला टाकशील म्हणून. तुझ्या मनातून मी उतरू नये म्हणून मी त्याला उतरवला. तो तर गेलाच आहे, त्याला काय फरक पडतो, असं मला वाटलं. ठकी आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. माझ्यामुळे नऊ महिने तू एकटी रडलीस, आणि वर मीच तुला धीर देत होतो. या पत्रात माफी मागणार नाही. मागितली तर हो की नाही ते तुला ठरवावं लागेल, ते ओझं तुझ्यावर टाकत नाही.

उद्या सकाळी दहाला मी कार्यालयात जाईन. नोंदवहीची पानं घेऊन जातोय. अठरा पाट्या काढल्याची नोंद माझ्याच अक्षरात आहे, वेळेसकट. ती मी कधी फाडली नाही. कुणी वही उघडून बघितली असती तर सगळं तिथंच होतं. मावशी सकाळची पाळी करून घरी आल्यावर, दुपारी हे पत्र अर्धं ठेवून मी त्यांना घरी जाऊन सांगितलं. त्यांनी हातातल्या लुगड्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली. म्हणाल्या, "तो तुमच्या पाटीला मान द्यायचा हो." मग आत गेल्या. दार मलाच ओढून घ्यावं लागलं.

तू उत्तर लिहिलं नाहीस तरी मला कळेल. आलीस तर मी घरीच आहे, पण येऊ नकोस असंच मला वाटतं. पोरीला पोहायला पाठव. पाण्यात मास्तर चांगला होता, ती त्याच्यावर गेली असेल.

एक काम मात्र कर. माझं आधीचं पत्र ठकीसमोर फाड, आणि तिला सांग की त्यातलं शिट्टीचं खोटं होतं. बाबा शिट्टी वाजवायचे ते लक्ष ठेवण्यासाठी. त्या दिवशीही त्यांचं लक्ष होतं. कारखान्यात एकट्या त्यांचंच होतं. हात घालायच्या आधी त्यांनी थांबून विचारलं होतं, आणि ज्याला विचारलं तो त्यांच्याशी खोटं बोलला.

तो कोण, असं ती विचारेल. तिला सांग,

मामा